कुत्र्याचं बघ काहीतरी!

ऑस्टिनमध्ये थंडीची वॉर्निंग आली की आमच्या देसी ग्रुपवर दोन मेसेज फिरायला लागतात. एक, नळ थेंब थेंब चालू ठेवा. दुसरा, 'ज्यांची लाइट जाईल त्यांनी बिनधास्त आमच्याकडे या, खिचडी टाकलेली आहे'. हा दुसरा मेसेज वाचून परमुलखात किती बरं वाटतं, ते इथं राहिल्याशिवाय कळायचं नाही. पण घरात कुत्रं असलेल्या माणसासाठी त्या आमंत्रणाला एक न लिहिलेली अट असते. ती वर शीर्षकात दिली आहे. माझं म्हणणं एवढंच की ती अट काढून टाका. आणि हे मी प्राणिप्रेमापोटी म्हणत नाहीये, माणसांसाठी म्हणतेय. भडकण्याआधी जरा ऐकून घ्या.

आधी पुण्या-मुंबईच्या मित्रमंडळींचा नेहमीचा प्रश्न. टेक्सासमध्ये कसला आलाय बर्फ? येतो, आणि वाईट प्रकारचा येतो. वरच्या हवेत उबदार थर असतो, त्यातून पडताना हिमाचं पाणी होतं. जमिनीलगत मात्र शून्याखालच्या हवेचा पातळ थर असतो. त्यातून येताना थेंब गोठत नाही, पण फांदीला, तारेला, जिन्याच्या कठड्याला टेकला की जागीच काच होतो. दिसायला अप्रतिम, फोटो काढावेत असं. पण तारेवर अर्धा इंच बर्फ साचला तर दोन खांबांमधल्या तारेवर ५०० पौंडांपर्यंत वजन वाढू शकतं. त्यात ऑस्टिनचे लाइव्ह ओक हिवाळ्यातही पानं गाळत नाहीत. पानापानावर बर्फ धरायला जागा! फेब्रुवारी २०२३ च्या वादळात रात्रभर फांद्या मोडल्याचे आवाज येत होते, बंदुकीच्या बारासारखे.

२०२१ चं वादळ वेगळं होतं. तेव्हा अख्ख्या राज्यात वीजच कमी पडली, सुमारे ४५ लाख घरं अंधारात गेली आणि सरकारी मोजणीप्रमाणे २४६ माणसं दगावली. त्यातली बरीचशी नुसत्या गारठ्यानं. आमच्या भाषेत सांगायचं तर २०२१ मध्ये सर्व्हरच बसला होता. २०२३ मध्ये सर्व्हर ठणठणीत, पण गल्लोगल्लीची केबल झाडांनी तोडलेली. शहरातल्या दीड लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. आणि तुटलेली प्रत्येक तार कुणीतरी तिथं जाऊनच जोडावी लागते, रिमोट लॉगिन चालत नाही. काही घरांना आठवडा उलटला तरी वीज नव्हती. माझी तीन रात्री नव्हती.

घरात मी आणि चकली. (हो, हेच नाव. शेपटी बघितली असती तर तुम्हीही हेच ठेवलं असतं.) शहरातल्या शेल्टरमधून आणलेली, आखूड केसांची, पोटावर तर जवळजवळ टक्कल. आईचा सांगलीहून फोन, "अगं, कुत्र्याला कसली थंडी? अंगावर केस असतात की!" हा समज फार पसरलेला आहे आणि चुकीचा आहे. हस्कीची गोष्ट वेगळी. आखूड केसांचं, बारीक, म्हातारं किंवा अगदी पिल्लू असलेलं कुत्रं आपल्यासारखंच गारठतं. आधी कुडकुडतं. मग कुडकुडणं थांबतं, सुस्त पडून राहतं, आणि आपल्याला वाटतं की हं, सवय झाली. ती सवय नसते, व्हेटला फोन करायची वेळ असते.

माझं अपार्टमेंट संपूर्ण विजेवर. शेगडी नाही, फायरप्लेस नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आत ५१ फॅरनहाइट, म्हणजे साधारण साडेदहा सेल्सिअस. पुण्यात हा आकडा बघितलेला आहे, पण तो घराबाहेरचा! कोळशाची ग्रिल आत आणायचा मोह लोकांना होतो, गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून ऊब घ्यायचाही होतो. २०२१ मध्ये टेक्सासमध्ये कार्बन मोनॉक्साइडनं लोक गेले ते असेच. त्याला वासही नसतो. मी कॅम्पिंगचा तंबू काढला आणि बेडरूममध्ये उभा केला. खाली योगा मॅट, वर आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी, आत आम्ही दोघी. तंबूच्या आतली हवा थोडी, आणि कुत्र्याच्या अंगाचं तापमान आपल्यापेक्षा दीडएक डिग्री जास्त. चालतं-फिरतं हीटर आहे हो ते, फक्त शिंकतं अधूनमधून :-)

खरा प्रश्न तिच्या शी-शूचा. जिना म्हणजे घसरगुंडी, वर झाडाखाली उभं राहायची सोय नाही, फांदी कधी पडेल नेम नाही. मांजरांच्या लिटरची पिशवी पायऱ्यांवर टाकत टाकत, उघड्या पार्किंगपर्यंत आम्ही जायचो. परत आलं की पंजे कोमट पाण्यानं पुसायचे... कोमट कुठलं, काखेत धरलेल्या बाटलीतलं. बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ पंजांना झोंबतं आणि चाटलं तर पोटात जातं.

असो. आता मुद्द्याकडे.

दुपारी एका मित्राचा फोन. त्यांच्याकडे लाइट होती. मागून वहिनींचा आवाजही आला, "ये गं, गरम जेव आणि झोप. कुत्र्याचं बघ काहीतरी." अगदी मनापासून बोलावत होत्या, म्हणूनच लिहितेय. पण 'बघ' म्हणजे काय बघू? रस्ते बर्फाचे, बोर्डिंगवाले बंद. मी गेले नाही.

मी तरुण आहे, निभावलं. खालच्या मजल्यावर सत्तरीच्या एक बाई राहतात, सोबत चौदा वर्षांचा, संधिवात झालेला डॅक्सहुंड. त्यांना ऊब घेण्यासाठी उघडलेल्या एका सभागृहाचा नंबर मिळाला होता. तिथून उत्तर आलं की फक्त सर्व्हिस डॉग चालेल. बाईंनी फोन ठेवला आणि कोट घालून सोफ्यावर बसल्या. संध्याकाळी मी दार वाजवलं तेव्हा त्यांचे शब्द ओढल्यासारखे येत होते. दोघांना वर तंबूत आणलं. पहाटेपर्यंत त्यांचे हात गरम झाले. चकली रात्रभर त्यांच्या पायाशी होती.

त्यांना कुणी मूर्ख म्हणेल. अमेरिकेनं हे म्हणून बघितलंय. २००५ मध्ये कट्रीनाच्या वेळी न्यू ऑर्लिन्समध्ये कित्येकांनी पाळीव प्राण्यांना सोडून घराबाहेर पडायला नकार दिला. त्यानंतर २००६ मध्ये पेट्स ॲक्ट आला. आपत्ती-नियोजनात पाळीव प्राणी असलेल्या कुटुंबांचाही विचार करा, असं तो राज्यांना आणि शहरांना सांगतो. पण नियोजनाच्या कागदावरून सभागृहाच्या दारापर्यंत पोचताना मधे बरंच काही गळतं. आणि मित्राच्या घराला तर कुठलाच कायदा लागू नाही.

आईला मी कट्रीनाचं सांगितलं नाही. सांगलीचंच सांगितलं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात बोट दाराशी आली तरी दावणीची जनावरं सोडून यायला लोक तयार नव्हते, आठवतंय? आई म्हणाली, "म्हशीची गोष्ट वेगळी, ती घर चालवते." मग क्षणभर थांबली आणि म्हणाली, "तुझा मामा भाकड म्हशीपाशीसुद्धा बसला असता म्हणा."

आता दुसरी बाजू. कुणाला ॲलर्जी असते, कुणाच्या घरी रांगतं बाळ असतं, कुणाला कुत्र्याची खरीखुरी भीती वाटते. देवघराचाही प्रश्न असतो, त्यावर हसू नये. मी कुणाच्या सोफ्यावर जागा मागत नाहीये. गॅरेजशेजारची लाँड्री रूम, दार बंद, आत पिंजरा आणि जुनी चादर, एवढ्यात भागतं. पिंजऱ्याची सवय लावणं, लसीचे कागद दाखवणं, उचलणं-पुसणं हे कुत्रेवाल्यांचं काम, ते त्यांनी आधीच करून ठेवायचं. सभागृहांनाही एक वेगळी खोली काढणं अशक्य नाही. नसेलच जमत तर सरळ 'नाही' म्हणा, म्हणजे माणूस दुसरीकडे फोन करेल. 'बघ काहीतरी' ऐकून तो कुणालाच फोन करत नाही, कारण त्याला वाटतं की बोलावणं तर आलं होतं, आपणच गेलो नाही.

गेल्या डिसेंबरात मी ग्रुपवर विचारलं, लाँड्री रूम कोण देईल? अकरा जणांनी वाचलं, तिघांनी हात वर केला. एक तर वहिनीच. अट एकच, चकलीनं तुळशीच्या कुंडीपासून लांब राहायचं. खालच्या बाईंचा नंबर मी त्या तिघांनाही देऊन ठेवलाय.