तारीख सांगू नका

एनबीए नेमाने बघायला लागलं की बास्केटबॉलच्या आधी एक वेगळीच भाषा शिकावी लागते. 'प्रोबेबल', 'क्वेश्चनेबल', 'डाऊटफुल', 'आऊट'. सामन्याआधी जायबंदी खेळाडूंची यादी जाहीर करावी लागते, त्यात प्रत्येकाच्या नावापुढे यातला एक शिक्का. आणि दुखापत मोठी असली की मग महिने. 'आठ ते बारा महिने'.

माझं तर स्पष्ट मत झालंय, की हे महिने सांगणं बंद करावं. डॉक्टर बोलतात तेव्हा तो अंदाज असतो. लोकांच्या कानावर जाईपर्यंत त्याचं वचन झालेलं असतं, आणि ते पाळायचं कोणी? तर ज्याचा गुडघा फाटलाय त्याने!

डेरिक रोझचं काय झालं बघा. जन्माने शिकागोचा, खेळायला शिकागो बुल्सकडेच, २०११ साली बाविसाव्या वर्षी एमव्हीपी. गाव डोक्यावर घेऊन नाचत होतं. २८ एप्रिल २०१२, फिलाडेल्फियाविरुद्ध प्लेऑफचा पहिलाच सामना. बुल्स बारा गुणांनी पुढे, दीड मिनिटही उरलं नव्हतं आणि याच्या डाव्या गुडघ्याचं एसीएल तुटलं. (जिंकत आलेल्या सामन्यात तेव्हा त्याला कोर्टवर ठेवलंच कशाला, यावर शिकागोकर अजून भांडतात. असो.) ऑपरेशन झालं, आठ ते बारा महिने जाहीर झाले. लोकांनी त्यातला फक्त 'आठ' ऐकला. मार्च २०१३ मध्ये डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवल्याच्या बातम्या आल्या. रोझ काही उतरला नाही. पायावर अजून विश्वास बसत नव्हता त्याचा. तिकडे जोकिम नोआ टाच दुखत असताना खेळतोय आणि हा सूट घालून बेंचवर बसलाय, हे चित्र रोज टीव्हीवर. काल देव होता, आज भित्रा ठरला. शेवटी २०१३ च्या ऑक्टोबरात परतला आणि २२ नोव्हेंबरला पोर्टलंडमध्ये उजव्या गुडघ्याचा मेनिस्कस फाटला. उजव्या, म्हणजे दुसऱ्याच! आता सांगा, कोणती तारीख बरोबर होती?

केव्हिन ड्युरंटची गोष्ट याच्या उलट. ८ मे २०१९ ला पोटरी दुखावली. जून उजाडला, गोल्डन स्टेट वॉरियर्स फायनलमध्ये टोरांटोविरुद्ध ३-१ ने मागे, आणखी एक हार म्हणजे खेळ खलास. १० जूनला तो उतरला. बारा मिनिटं, अकरा गुण, आणि उजव्या पायाचं अकिलिस टेंडन तुटलं. नंतर संघाचे सर्वेसर्वा बॉब मायर्स पत्रकारांसमोर रडले, दोष द्यायचाच तर मला द्या म्हणाले. प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी पुढे सांगितलं, की फार तर पोटरी पुन्हा दुखावेल असंच सगळे धरून चालले होते. पोटरीचे स्नायू खाली त्याच टेंडनमध्ये उतरतात, हे माझ्यासारख्या चित्रं बघून शरीरशास्त्र शिकलेल्यालाही ठाऊक आहे. तिथे तज्ज्ञांची फौज होती. पण ३-१ समोर असताना तज्ज्ञसुद्धा माणसंच असतात.

आणि गंमत म्हणजे ती फायनल जिंकली कोणी? कवाय लेनर्डच्या टोरांटोने! मांडीच्या दुखण्यावरून सॅन अँटोनिओच्या डॉक्टरांशी त्याचं पटलं नाही, त्याने स्वतःचे वेगळे डॉक्टर गाठले, २०१७-१८ मध्ये जेमतेम नऊ सामने खेळला, खूप शिव्या खाल्ल्या. टोरांटोने त्याला ८२ पैकी ६० सामनेच खेळवलं. 'लोड मॅनेजमेंट' म्हणून लोक हसत होते.

२०२५ मध्ये इंडियानाच्या टायरिस हॅलिबर्टनने मात्र माझी पंचाईत केली. पोटरी दुखावलेलीच, तरी २२ जूनला फायनलच्या सातव्या सामन्यात उतरला. पहिल्याच क्वार्टरमध्ये नऊ गुण केले आणि अकिलिस गेलं. नंतर म्हणाला, पश्चात्ताप नाही, पुन्हा वेळ आली तर पुन्हा उतरेन. आता आपण कोण सांगणार त्याला?

पण पंचवीस वर्षांच्या पोराला, आयुष्यातला सगळ्यात मोठा सामना समोर असताना, "खेळतोस का?" असं विचारणं याला मी विचारणं म्हणतच नाही. उत्तर ठरलेलंच आहे. 'नाही' म्हणायचा अधिकार अशा डॉक्टरकडे हवा, ज्याचा पगार त्या संघाकडून येत नाही. लीगचं मात्र भलतंच चाललंय. २०२३-२४ पासून नियम काय, तर एमव्हीपीसारखे बहुमान हवे असतील तर ६५ सामने खेळा. (काही अपवाद आहेत म्हणा.) म्हणजे दुखऱ्या पायाने आकडा मोजत बसा!

तिकिटाला पैसे मोजून आलेल्यांचं काय, असं कुणीतरी विचारणारच. त्यांचा राग मला समजतो. पोराला घेऊन यायचं आणि ज्याच्यासाठी आलो तोच बेंचवर! पण त्यांना अर्धे पैसे परत द्या की राव, पैसा काय कमी आहे तिथे? हल्ली बरेच संघ 'चार आठवड्यांनी पुन्हा तपासू' एवढंच सांगतात. त्याचीही लोक परतीची तारीख करतातच. तरी मला ते बरं वाटतं. तपासणीची तारीख निदान डॉक्टरला पाळायची असते.