गावाकडचे शेवटचे चार किलोमीटर

हार्लेच्या जाहिरातीतला रस्ता कधी संपत नाही. आपल्याकडे संपतो. आधी हायवे संपतो, मग डांबर संपतं आणि मग येते ती खडी. तुमचं गाव सातारा-सांगलीकडे असेल तर हे शेवटचे चार किलोमीटर तुम्हाला वेगळे सांगायला नकोत. काकांच्या एम-80नं ते कधीच पचवले, तुमच्या पल्सरनं तर हसत हसत. प्रश्न आहे तो हार्लेचा.

म्हणजे नेमकं सांगायचं तर 'स्ट्रीट 750'चा. 2014 मध्ये ही बाइक भारतात आली तेव्हा दिल्लीतली एक्स-शोरूम किंमत होती 4 लाख 10 हजार. हरियाणातल्या बावलच्या कारखान्यात बनायची, म्हणून परवडायची (हार्लेच्या मानानं हो!). 2020 मध्ये कंपनीनं इथलं उत्पादन गुंडाळलं आणि ही बाइक सेकंडहँड बाजाराची झाली. माझ्या मावसभावानं अशीच एक उचलली आणि दिवाळीला 'आजोळी हिच्यावरनंच जायचं' असं जाहीर करून टाकलं. आजीला दाखवायचीच होती ना! अर्धा रस्ता दादा चालवणार, अर्धा मी. पुण्याहून सातारा, तिथून पंढरपूर रोडनं कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, म्हसवड. म्हसवड सोडलं की दिघंची, म्हणजे आटपाडी तालुका, सांगली जिल्हा. तिथून आत वळलं की आमचं गाव.

हायवेवर ही बाइक म्हणजे निव्वळ लोणी. 749 सीसीचं व्ही-ट्विन इंजिन, वजन सव्वादोनशे किलोच्या घरात आणि मागचं चाक फिरवायला चेनऐवजी दात्यांचा बेल्ट. खडखडाट नाही, वंगण नाही, जीन्सवर काळे डाग नाहीत. 'रबराचा पट्टा, तुटणार बघ,' असं म्हणणाऱ्यांकडे खुशाल दुर्लक्ष करा. आत अरॅमिड किंवा कार्बनचे तंतू असतात. अरॅमिड म्हणजे बुलेटप्रूफ जॅकेटवाल्या केवलारचं खानदान. नुसत्या ओढीला हा बेल्ट कुणाच्या बापाला ऐकत नाही.

त्याचं वैर एकाच गोष्टीशी आहे, वाटाण्याएवढ्या खड्याशी.

चेनमध्ये खडा गेला तर सहसा चिरडतो नाहीतर उडून जातो, स्टीलचं फारसं काही बिघडत नाही. बेल्टवर मात्र तो दात्यांच्या खाचेत बसतो, पुलीवर येतो आणि दाबाखाली बेल्टमध्ये घुसतो. आतले दोनचार तंतू तुटतात. आणि गोची अशी, की बेल्ट लगेच तुटत नाही! तुम्ही घरी पोचता, फराळ करता, पुण्याला परत येता आणि कधीतरी सिग्नल सुटल्यावर जोरात थ्रॉटल पिळला की... फट्. हार्लेच्या सर्व्हिस मॅन्युअलचा हिशेब साधा आहे : खड्याची जखम बेल्टच्या मधोमध असेल तर चालवा, पण नजर ठेवा. कडेला असेल तर बेल्ट बदला.

बदला म्हणणं सोपं आहे. चेनची कडी सोडून नवी चेन ओवता येते. हा बेल्ट अखंड. मागचं चाक काढावं लागतं आणि बहुतेक हार्लेवर स्विंगआर्मही सोडवावा लागतो. विट्यात किंवा मिरजेत चेन कुठल्याही दुकानात मिळेल. या बेल्टसाठी ऑर्डर द्यायची आणि वाट बघायची, तीही बंद झालेल्या मॉडेलसाठी. (हिरो आणि हार्लेनं मिळून 2023 मध्ये आणलेल्या 'एक्स440'ला चेन आहे. शहाणपण उशिरा का होईना!)

तर दिघंचीच्या पुढे डांबर संपलं तेव्हा हँडल माझ्या हातात होतं. चढावर नुकतीच खडी अंथरलेली, रोलर अजून फिरायचा होता आणि पुढे उसाची रिकामी ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर. दादा मागून 'जाऊ दे, जाऊ दे' करत होता. मी थांबले. ट्रॅक्टर नजरेआड होऊ दिला, कारण त्याच्या चाकांनी उडवलेले खडे थेट आपल्याकडे येतात. दादाला उतरवून चालायला लावलं (आजही बोलतो त्याबद्दल). मग दुसरा गिअर, एकसारखा थ्रॉटल, पुढच्या ब्रेकला हात नाही. चाक घसरलं की माणूस घाबरून थ्रॉटल पिळतो आणि नेमका तेव्हाच अडकलेला खडा खोल रुततो. चार किलोमीटरला वीस मिनिटं लागली. एम-80वाले दोन काका ओव्हरटेक करून गेले, एकानं तर हातही केला.

गावात बाइकभोवती ही गर्दी! गिरणीवाले तात्या मात्र थेट मागच्या चाकाशी उकिडवे बसले.

"पट्टा हाय व्हय हिला?"

"हो तात्या."

"आमच्या गिरणीला बी पट्टाच. पन गिरणी घरात बसलीया गं, रानात हिंडत न्हाई." मग दादाकडे बघून, "सरकत असंल तर राळ लावू का जराशी?"

दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला. दात्यांचा बेल्ट सरकत नाही, त्याला राळ नको आणि तेलही नको, हे तात्यांना समजावण्यात चहा निवला. पण तात्यांचं पहिलं वाक्य अगदी बरोबर होतं. ॲक्टिव्हातही बेल्टच असतो, फक्त तो डब्यात बंद असतो. साताऱ्याच्या कारखान्यातून महाराष्ट्र स्कूटर्सची 'प्रिया' बाहेर पडायची, तिला तर बेल्ट नाही आणि चेनही नाही. इंजिन थेट मागच्या चाकाला जोडलेलं. हार्लेचा बेल्ट उघड्यावर फिरतो, खाली रस्ता जो असेल तो.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन बंद ठेवून, गाडी न्यूट्रलला ढकलत ढकलत टॉर्चनं सगळा बेल्ट तपासला. दोन खाचांत मुरूम बसला होता, काडीनं काढला, नुसत्या पाण्यानं धुतला. जखम नव्हती. पावसाळ्यात मात्र मी हा हट्ट करणार नाही. काळी माती दात्यांत लिंपून बसली की काडीनंही निघत नाही. तेव्हा बाइक दिघंचीत ठेवायची आणि पुढे काकांच्या मागे बसायचं.

तुम्हीही सेकंडहँड 'स्ट्रीट' बघत असाल तर किलोमीटर नंतर विचारा. आधी मालकाला त्याचं गाव विचारा. आटपाडी, जत, माण असं काही म्हणाला, तर खिशातला टॉर्च काढा आणि बेल्टच्या कडा नीट बघा.