गिऱ्हाईक आपल्याला कोणत्या नावानं शोधतं?

मैत्रिणींनो, घरगुती उद्योग करणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणींनी आता स्वतःची वेबसाइट करून घेतली आहे. कुणी चटण्या-लोणची विकते, कुणी तांदूळ, कुणाचे शिवणाचे वर्ग आहेत. साइट तयार होते, नातेवाईक कौतुक करतात, आणि दोन महिन्यांनी लक्षात येतं की परकं गिऱ्हाईक काही तिकडे फिरकत नाही. नेमका अशाच वेळी फोन येतो, ‘ताई, तुमची साइट गूगलवर पहिल्या नंबरला आणून देतो, फक्त इतके हजार भरा.’ बचतगटातल्या दहा जणींनी पै-पै करून साठवलेला पैसा असा एका फोनवर जाऊ नये, म्हणून आजचा हा विषय.

या कामाला ‘एसईओ’ म्हणतात आणि त्यातली पहिली पायरी म्हणजे ‘कीवर्ड’ शोधणं. नावं परकी असली तरी काम आपल्या आवाक्यातलं आहे बरं का! एक वही, एक पेन आणि हातातला मोबाइल, एवढं साहित्य पुरे.

यंत्र शोधतं कसं?

आपण प्रश्न विचारल्यावर गूगल जगभर धावत सुटत नाही. त्याचे प्रोग्रॅम आधीच एका पानावरच्या दुव्यावरून दुसऱ्या पानावर जाऊन, कोणता शब्द कुठं आहे याची नोंद करून ठेवतात. पाठ्यपुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते ना, तशीच ही एक अफाट सूची. आपण शब्द टाकले की यंत्र त्या सूचीत बघतं आणि उपयोगी वाटतील ती पानं क्रमानं पुढं ठेवतं. हल्ली त्याला समानार्थी शब्दही बरेच कळतात. तरी जी गोष्ट पानावर लिहिलेलीच नाही, ती त्याला कळावी कशी?

आमच्या गावाचंच उदाहरण घ्या. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी नावाची तालुक्याची गावं दोन. मुंबई-कोलकाता महामार्गावर, म्हणजे जुन्या ६ आणि आताच्या ५३ नंबरच्या रस्त्यावर आहे ती आमची सडक अर्जुनी. दुसरी अर्जुनी मोरगाव. एखादीनं साइटवर नुसतं ‘अर्जुनी येथे मिळेल’ असं लिहिलं तर माणूससुद्धा गोंधळेल, मग यंत्राचं काय विचारता! शिवाय बाहेरचा माणूस आपल्या गावाचं नाव टाकेलच असंही नाही. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प पाहायला निघालेलं कुटुंब ‘नागझिऱ्याजवळ घरगुती जेवण’ असं शोधेल, तर महामार्गावरचा प्रवासी ‘कोहमारा’ टाकेल. तेव्हा पत्ता पूर्ण लिहावा, आणि ओळखीची ठिकाणं खरोखरच जवळ असतील तर त्यांचाही उल्लेख करावा.

शब्द गोळा करण्याची कृती

१. वहीच्या पानावर दोन रकाने आखा. डावीकडे आपण वस्तूला काय म्हणतो ते, उजवीकडे गिऱ्हाईक काय म्हणतं ते. फोनवर, बाजारात, व्हॉट्सॲपवर लोक विचारतात ते शब्द जसेच्या तसे उतरवा. शाळेत मुलांच्या वह्या तपासताना लाल शाई वापरते, ती इथं मात्र उपयोगाची नाही. आपण ‘जवस’ म्हणतो, कुणी ‘अळशी’ म्हणतं, हिंदी बोलणारे ‘अलसी’, तर शहरातली मुलगी ‘फ्लॅक्स सीड्स’. मोहफुलाचंही तसंच, कित्येकांना ‘महुआ’च ठाऊक. वस्तू एकच, नावं अनेक.

२. आता उजव्या रकान्यातला एकेक शब्द शोधाच्या चौकटीत टाका आणि थांबा. खाली ज्या सूचना उतरतात, त्या लोकांनी केलेल्या शोधांवरूनच येतात. निकालाच्या पानावर लोक आणखी काय विचारतात तेही दिसतं. एकदा देवनागरीत, एकदा रोमन अक्षरांत करून पाहा, कारण मराठी माणूस दोन्ही तऱ्हांनी लिहितो. हे ‘इन्कॉग्निटो’ खिडकीत करावं. एरवी आपले जुने शोध लक्षात घेऊन यंत्र आपल्याला आपलीच साइट वर दाखवण्याचा संभव असतो, आणि आपण उगाच खूश होतो.

३. ‘गूगल ट्रेंड्स’ ही सोय २००६ पासून आहे आणि ती फुकट आहे. तिथं दोन शब्द शेजारी ठेवून महाराष्ट्रात कोणता जास्त शोधला जातो आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यांत, ते पाहता येतं. त्यातले ० ते १०० हे आकडे माणसांची संख्या नव्हे, केवळ तुलना आहे. आपल्याकडच्या खास शब्दाला ‘पुरेशी माहिती नाही’ असं उत्तर आलं, तर मागणीच नाही असं समजू नका.

४. साइट सुरू झालेली असेल तर ‘सर्च कन्सोल’ला जोडून घ्या. हीही फुकट. कोणते शब्द टाकल्यावर आपलं पान लोकांपुढे आलं आणि किती जणांनी ते उघडलं, हा हिशेब तिथं मिळतो. दुधाच्या हिशेबासारखा महिन्यातून एकदा पाहिला तरी चालेल.

निवड करताना

‘तांदूळ’ या एका शब्दासाठी मोठमोठ्या कंपन्या रांगेत उभ्या आहेत. तिथं आपला निभाव लागणं कठीण. पण ‘चिन्नोर तांदूळ घरपोच नागपूर’ असं शोधणारा माणूस विकत घ्यायच्याच बेतात असतो. असे शोध थोडे असतात, पण आपल्या कामाचे असतात. म्हणून लहान व्यावसायिकानं तीन-चार शब्दांचे नेमके शोध धरावेत.

आता एक महत्त्वाची गोष्ट. लोक शोधतात म्हणून कोणताही शब्द उचलायचा नाही. ‘बालाघाट चिन्नोर’ला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या शेतातला चिन्नोर कितीही सुवासिक असला, तरी त्या नावानं विकता येणार नाही. तसंच जवसाचं. ‘मधुमेहावर उपाय’, ‘वजन घटवणारी चटणी’ असं शोधणारे पुष्कळ भेटतील आणि मोह होईल. पण खाण्याच्या पदार्थानं रोग बरा होतो अशी जाहिरात करायला अन्नसुरक्षेच्या २०१८ च्या नियमांनी मनाई आहे. आणि नियम राहू द्या हो, कुणी आपल्या चटणीच्या भरवशावर औषध सोडलं तर? शब्द गिऱ्हाइकाचा घ्यावा, पण उत्तर आपल्याला खरं देता येईल तरच.

शब्द ठेवायचे कुठं?

एका वस्तूला एक पान द्या. पानाचं शीर्षक, वरचा मथळा, पहिला परिच्छेद आणि फोटोखालची ओळ इथं मुख्य शब्द सहज वाचता येईल अशा वाक्यात यावा. ‘आमच्याकडे जवसाची, म्हणजे अळशीची चटणी मिळते’ असं लिहिलं की दोन्ही नावं आली आणि वाचणारीला खटकलंही नाही. वजन, किंमत, किती दिवस टिकते, पोस्टानं पाठवता का, हे स्पष्ट लिहा. सगळी माहिती एका रंगीत चित्रात घालू नका. चित्रातली अक्षरं यंत्राला नीट मिळतीलच असं नाही. घरून किंवा दुकानातून विक्री असेल तर गूगलच्या नकाशावर व्यवसायाची नोंद करा, तिलाही पैसे पडत नाहीत.

भारंभार शब्द कोंबू नयेत. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवण्याची जुनी युक्ती तर अंगाशीच येते. ‘मेटा कीवर्ड’च्या यादीचा आम्ही क्रमवारीसाठी उपयोग करत नाही, असं गूगलनं २००९ सालीच जाहीर केलं आहे. २०११ मध्ये पोकळ मजकुराची पानं आणि २०१२ मध्ये विकतचे दुवे जोडलेली पानं मागं टाकण्यासाठी त्यांनी मोठे बदल केले. तरीही या गोष्टी विकणारे आहेतच.

फोनवरच्या भाऊंना काय विचाराल?

पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगलनं स्वतःच सांगून ठेवलं आहे. जाहिरात पैसे देऊन वर येते, पण तिच्यावर तसं लिहिलेलं असतं. खालची यादी विकाऊ नाही. म्हणून शांतपणे चार प्रश्न विचारा. कोणत्या शब्दांसाठी काम करणार? पानात नेमकं काय बदलणार? महिन्याचा सर्च कन्सोलचा हिशेब दाखवणार का? आणि साइटचं नाव म्हणजे डोमेन कुणाच्या नावावर राहणार? ते आपल्या किंवा गटाच्या नावावरच हवं आणि पासवर्डही आपल्याकडेच हवा. नाहीतर घर आपलं आणि किल्ली परक्याकडे, अशी गत व्हायची. उत्तरं देताना तो अडखळला, तर फोन ठेवून द्या. चांगली माणसंही या धंद्यात आहेत, पण तीही धीर धरा असंच सांगतात. फळ दिसायला चार महिने ते वर्षभर लागतं, असं गूगलचंच म्हणणं आहे. धान रोवल्याच्या दुसऱ्या दिवशी कुणी लोंबी पाहायला जात नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, या रविवारी दुपारचं आवरून झालं की वहीत ते दोन रकाने आखाच. गटातल्या सगळ्या जणींना जवळ बसवा. प्रत्येकीला गिऱ्हाइकानं विचारलेला निदान एक वेगळा शब्द आठवेल. त्या उजव्या रकान्यातला सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द आपल्या साइटवर आहे की नाही, एवढंच आधी पाहा. नसेल, तर कामाला तिथूनच सुरुवात करा.