रविवर्मांची लक्ष्मी इथलीच




मागील अंकातील पत्रात एका वाचकाने राजा रविवर्मांच्या लक्ष्मीला ‘युरोपची नक्कल’ ठरवले आहे. ते मुळीच पटत नाही.

छायाप्रकाश आणि अंगाची गोलाई रविवर्मांनी पाश्चात्त्य तैलचित्रांवरून घेतली, हे खरेच. पण देवीचे रूप इथलेच आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील शक राजा अझिलिसेस याच्या चांदीच्या नाण्यावर कमळावर उभी देवी दिसते आणि दोन्ही बाजूंचे हत्ती तिला अभिषेक करतात. गुप्तांच्या सुवर्णनाण्यांवर ती कमळावर बसलेली आहे. रविवर्मांच्या चित्रातही कमळ आहे आणि सोंडेत हार धरलेला हत्तीही.

जुन्या ठशातून नवे चित्र घडवणे हा दोष मानला, तर युरोपही त्यातून सुटत नाही. पार्माच्या एनेआ विको या कोरक्याने रोमन नाणी न्याहाळून तांब्याच्या पत्र्यावर कोरली आणि १५५५ मध्ये नाण्यांवर ग्रंथही प्रसिद्ध केला. त्याला कोणी नकलाकार म्हणत नाही.

१८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या, पुढे मळवलीला गेलेल्या रविवर्मांच्या छापखान्यात रंगागणिक वेगळा दगड वापरून चित्रे छापली जात. त्यामुळे देवळाची पायरी ज्यांना बंद होती, त्यांच्या घरीही लक्ष्मी पोहोचली. हे ऋण मोठे आहे.

हिंगोलीच्या सराफाकडे धनत्रयोदशीला मिळणाऱ्या चांदीच्या नाण्यावर आजही कमळातली लक्ष्मी असते. पत्रलेखकाने ते नाणे आणि ती तसबीर शेजारी ठेवून पाहावी आणि मगच निकाल द्यावा, ही विनंती.

— एक वाचक, वसमत (जि. हिंगोली)