आक्षेप आणि उत्तर

ख्रिस्ती श्रद्धेचे तर्काच्या आधारे मंडन करणाऱ्या विद्येला समर्थनशास्त्र म्हणतात. महाराष्ट्रात तिचा वापर जाहीर सभांत झाला: 1831 साली मुंबईत हिंदू पंडित मोरभट दांडेकर यांनी स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्याशी वाद घातला, आणि 1857 मध्ये हिंदू धर्मप्रचारक विष्णुबावा ब्रह्मचारी समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांना प्रश्न विचारू लागले. त्या वादांतून ग्रंथ निघाले. मने वळल्याचे मात्र फारसे दिसत नाही.

'हा धर्म परका' हा आजही शेजारच्या ओसरीवर ऐकू येणारा आक्षेप घेतला, तर केरळातील ख्रिस्ती समाज पोर्तुगीज जहाजांहून कित्येक शतके जुना आहे, असे सप्रमाण सांगता येते. तरीही 1895 साली बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रवेशाचा जलसंस्कार, घेतलेल्या मराठी कवी नारायण वामन टिळकांचे उत्तर अधिक खोल ठरते, कारण त्यांनी ख्रिस्तभक्ती अभंगांत व कीर्तनात आणली, पाश्चात्त्य वळणाच्या चर्चबाबत आक्षेपकाचे म्हणणे बरेचसे मान्य केले आणि 1917 मध्ये मिशनचे वेतनही सोडले.

'आमिषाने धर्मांतर' या आरोपालाही, चिडून न जाता, असेच प्रांजळ उत्तर हवे. संवाद करू पाहणाऱ्या वाचकांनी समोरच्याचा आक्षेप आधी पूर्ण ऐकून घ्यावा, आणि त्यातले खरे असेल तेवढे तिथल्या तिथे कबूल करावे.