म्हैस आईची, बिल कुणाचे?

परवा पाचवीच्या वर्गात धड्याला 'पान्हा' शब्द आला. अर्थ विचारला, तर एक चुणचुणीत मुलगा म्हणाला, "बाई, नटबोल्ट फिरवायचा!" वर्ग हसला, मीही हसले. त्याचे तरी काय चुकले? त्याच्या घरी दूध पिशवीतून येते. म्हटले, या वेळी आपल्या सदरात स्वयंपाकघर जरा बाजूला ठेवावे आणि गोठ्याविषयी लिहावे.

माझे माहेर वाळवे तालुक्यातले. थोडा ऊस, थोडा शाळू-भुईमूग आणि दावणीला दोन म्हशी. आई पहाटे साडेचारला उठायची. शेण ओढायचे, गोठा झाडायचा, कास कोमट पाण्याने धुवायची, मग रेडकू सोडायचे. त्याने दोन-चार ढुशा दिल्या की म्हैस पान्हा सोडते. तेवढ्यात रेडकू ओढून बाजूला बांधायचे आणि धारेला बसायचे. म्हैस हात ओळखते, बरं का! आई एकदा मावशीच्या बाळंतपणाला गेली होती. आप्पांनी म्हशीला चुचकारले, पेंड पुढे केली. बाई दूध चोरून उभी! शेवटी आईचे जुने लुगडे अंगावर गुंडाळून बसले, तेव्हा कुठे चरवीत धार वाजली. गल्लीला पुढे आठ दिवस तेवढाच विषय.

धारेनंतर आईचा दिवस सुरू व्हायचा. भाकऱ्या, भांगलण, येताना डोक्यावर वैरणीचा भारा, संध्याकाळी पुन्हा शेण आणि पुन्हा धार. आजारपण काढायलासुद्धा सवड नसे, कारण म्हैस काही रविवारची सुट्टी देत नाही. आम्ही भावंडे शाळेआधी शेणी थापायचो, रेडकाच्या गोचिड्या काढायचो. एक गंमत सांगते. गोठ्यात पारडी झाली की घरात गूळ वाटत, रेडा झाला की तोंडे उतरत. घरातल्या बाळंतपणाला मात्र नेमके उलटे!

म्हैस व्याली की रेडकाला पहिल्या तासा-दोन तासांतच चीक पाजायचा, हा आईचा नियम. त्याची रोगाशी लढायची ताकद त्यातूनच येते. उरलेला शेजारीपाजारी जायचा, आणि कुणी भांडे रिकामे परत करत नसे. हल्ली चिकाशिवाय, चायना ग्रास घालून केलेला 'खरवस' विकत मिळतो. खरा चीक मिळालाच तर ध्यानात ठेवा: पहिल्या दिवशीच्या चिकात तितकेच, कधी दुप्पट साधे दूध लागते, तिसऱ्या दिवशीच्यात फारसे नाही. गूळ, वेलची, जायफळ घालून शिट्टी न लावता वीस-पंचवीस मिनिटे वाफवावा.

डेअरीत किटली घेऊन जायचे काम माझे. दूध मापून, फॅट बघून चिठ्ठी मिळे आणि दर दहा दिवसांनी बिल. चिठ्ठीवर नाव आप्पांचे. आप्पा गेले आणि खाते धाकट्या भावाच्या नावावर झाले. आईला विचारावे असे कुणाला सुचले नाही, आणि 'मला विचारा' म्हणावे असे तिलाही वाटले नाही. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन भरले होते. पुढे शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'त नवऱ्यांना शेताचा तुकडा बायकोच्या नावे करायला सांगितले, आणि पुष्कळांनी तो केलाही. ते वारे आमच्या गल्लीपर्यंत काही आले नाही.

गेल्या दिवाळीत भावाने म्हैस विकायचा विषय काढला. एकच उरली आहे. आईचे गुडघे दुखतात, त्याचे म्हणणे खोटे नव्हते. आई भिंतीकडे बघत म्हणाली, "इका की. मी काय, बसून खाईन तुमचं." हे 'तुमचं' मला लागले. चाळीस वर्षे शेण काढून तिचे म्हणावे असे काय आहे? मी म्हटले, विकायची तर विका, पण आधी डेअरीचे खाते आईच्या नावावर करा, मग तिलाच ठरवू दे. भाऊ चिडला. "ताई, सांगलीत बसून सांगायला तुझं काय जातंय? वैरण मी आणतो." तेही खरेच होते. दोन दिवस घरात फराळ गोड लागला नाही. तिसऱ्या दिवशी भावजयच म्हणाली, "अहो, करून टाका की. उद्या माझ्याही नावावर काहीतरी हवंच."

खाते बदलणे अवघड नव्हते. सभासदत्वाचा अर्ज, फोटो, आधार कार्ड, बँकेचे पासबुक, एवढ्यावर आमच्याकडे काम झाले. तुमच्या माहेरी-सासरी दूध जात असेल तर चिठ्ठीवरचे नाव एकदा वाचून बघा. वैरण भावाने घालायची आणि त्याचे पैसे बिलातून वळते करायचे, हेही ठरले. म्हैस आटेपर्यंत ठेवायची, पुढचे आई बघेल.

पहिले बिल जमा झाले त्या संध्याकाळी आईचा फोन आला. किती आले ते काही सांगितले नाही. "एटीएमचं कार्ड काढू का नको गं?" मी म्हटले, काढ. "बरं. आधी सरकी आणते," म्हणाली आणि फोन ठेवला. धारेची वेळ झाली होती.