बुऱ्हाणपूरचे खरे वैभव
परवा बुऱ्हाणपुरास जाण्याचा योग आला. मुक्काम बुधवाऱ्यात, आप्तांकडे. जामा मशिदीत अरबी लेखासोबत सन १५९० चा संस्कृत शिलालेख पाहिला. तापीपलीकडील आहुखानाही पाहिला. १६३१ साली निवर्तलेल्या मुमताजमहलचे पहिले दफन तेथलेच.

परंतु मन गुंतले ते कुंडी भंडाऱ्यात. सातपुड्यातून झिरपणारे पाणी १६१५ च्या सुमारास भुयारांवाटे, केवळ उताराच्या बळावर, शहरात आणले गेले. २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत त्याचा समावेश झाला, ही आनंदाची गोष्ट खरी. पण मशिदी-मकबरे कुंपण घालून राखता येतात, पाणी नव्हे. वर डोंगर बोडका झाला, भोवती विंधनविहिरी वाढल्या, तर पाहुण्यांस दाखवावयास कोरडे भुयारच उरेल. यादीआधी डोंगर राखला पाहिजे.